आधी पहिला अडथळा सापडू द्या: सांधे तपासायला आणि मोकळे करायला हात कसे शिकवावेत

माझ्याकडे मॅन्युअल थेरपी, म्हणजे हातांनी सांधे तपासून मोकळे करण्याचे उपचार, शिकायला येणारे फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी म्हणतात, "मॅडम, टेक्निक दाखवा." कुणाला खांद्याचं हवं असतं, कुणाला कमरेचं. त्यांची घाई मला कळते. सोमवारी जकडलेला खांदा घेऊन पेशंट समोर बसणार असतो आणि तेव्हा हाताशी काहीतरी असावंसं वाटतं. तरीही गेली बावीस वर्षं मी पहिले दोन दिवस एकही टेक्निक शिकवत नाही. ते दोन दिवस फक्त एका गोष्टीचे: सांधा हलवताना पहिला अडथळा नेमका कुठे लागला, हे हाताला कळलं पाहिजे.

सांधा हलवायला घेतला की सुरुवातीला तो बिनविरोध चालतो. मग एका जागी किंचित धरतो. हाताखाली काहीतरी बदलतं, एवढंच. त्या जागेला आम्ही आर-वन म्हणतो. तिथून पुढे ताण वाढत जातो आणि शेवटी जिथे सांधा पुढे जाऊच देत नाही, ती आर-टू. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांनी मोबिलायझेशनच्या, म्हणजे हाताने सांध्याला झोके देऊन तो मोकळा करण्याच्या, ज्या ग्रेड मांडल्या, त्या या दोन खुणांवर उभ्या आहेत. ग्रेड एक म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला छोटा झोका. ग्रेड दोन म्हणजे मोठा झोका, पण अडथळ्याच्या अलीकडे. तीन म्हणजे अडथळ्याच्या आत शिरणारा मोठा झोका आणि चार म्हणजे अडथळ्यात राहून दिलेला छोटा. आता मला सांगा, ज्याला आर-वन हाताने सापडत नाही, तो दोन आणि तीनमधला फरक कसा करणार? केस पेपरवर लिहील ग्रेड दोन, आणि हात मात्र तीनमध्ये शिरलेला असेल.

हे मला कुणी पुस्तकातून पटवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई उजवा खांदा धरून आल्या. केस विंचरले की दुखायचं आणि मग तीन-चार तास ठणकत राहायचं. मी हालचाल मोजली, खांदा जकडलाय असं ठरवलं आणि नवं शिकलेलं ग्रेड चार जोरात दिलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हात पोटाशी घट्ट धरून. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. माझ्यावर रागावल्या नाहीत, "कालच्यासारखं नको हं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या खांद्यात दुखणं अडथळ्याच्या खूप आधी सुरू होत होतं. मी ते विचारलंच नव्हतं आणि हातालाही ते कळलं नव्हतं.

पहिला सांधा: स्वतःचं बोट

शिकवायची सुरुवात पाठीच्या मणक्यापासून करू नका. मणक्याचे सांधे खोल, हालचाल मिलिमीटरमधली आणि वर स्नायूंचा जाड थर. नवशिका तिथे काहीही कल्पना करू शकतो. सुरुवात तर्जनीच्या मुळाच्या सांध्यापासून करा. तो उघड्यावर असतो आणि शिकणाऱ्याला तो बाहेरून हाताने आणि आतून स्वतःला, दोन्हीकडून एकाच वेळी जाणवतो.

सगळ्यांना सांगा: डावी तर्जनी सरळ ठेवा. उजव्या हाताने तिचं पहिलं पेर धरा आणि बोट डावी-उजवीकडे हलवा. सहज हलतं. आता तेच बोट मुळाशी नव्वद अंशात वाकवा आणि पुन्हा तसंच हलवून बघा. जवळजवळ हलतच नाही. वर्गात या क्षणी नेहमी शांतता पसरते आणि मग सगळे पुन्हा पुन्हा करून बघतात. बोट वाकलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, ताणली जातात आणि सांधा कुलूप लावल्यासारखा घट्ट होतो. याला क्लोज-पॅक्ड स्थिती म्हणतात. सरळ किंवा अगदी थोडं वाकलेलं असताना तीच लिगामेंट सैल असतात. सांधा जिथे सर्वांत मोकळा, ती त्याची रेस्टिंग पोझिशन. गुडघ्याची ती साधारण २५ अंश वाकलेली, घोट्याची पाऊल १० अंश खाली झुकलेलं. हे आकडे विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेलेच असतात. बोटाचा हा प्रयोग केल्यावर मात्र त्यांना कळतं की पूर्ण सरळ गुडघ्यात नडगीचं सरकणं तपासायला गेलं, तर निरोगी गुडघाही जकडलेला वाटणार.

मग त्याच बोटाला लांबीच्या दिशेने हळूच ओढायला लावा. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न यांनी ओढीचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात सांध्यावरचा दाब नुसता हलका होतो, दुसऱ्यात कॅप्सूलची, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीची, ढील संपते, तिसऱ्यात कॅप्सूल ताणली जाते. मी सांगते, डोळे मिटा आणि ढील संपली की "आली" म्हणा. सुरुवातीला बहुतेकजण तिसऱ्या टप्प्यात पोचल्यावर "आली" म्हणतात. पुन्हा करा. इतकं हळू की शेजारच्याला तुमचा हात हललेला दिसू नये. विसाव्या-पंचविसाव्या वेळी चेहरे बदलतात. तो चेहरा मी ओळखते. त्याच्यासाठी दोन दिवस खर्च झाले तरी चालतात.

आणखी दोन साध्या कसरती. एक केस कागदाखाली ठेवायचा आणि वरून बोट फिरवून शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद, मग आणखी एक. जो जोरात दाबतो, त्याला केस सापडत नाही. हे सांगावं लागत नाही, केसच शिकवतो. दुसरी कसरत वजनकाट्याची. आपण पायाखाली ठेवतो तो वजनकाटा टेबलावर ठेवा. कोपरं सरळ, अंगाचं वजन हातांतून खाली सोडून काट्यावर पाच किलो आणा. आता डोळे मिटून तेच पुन्हा. मग चार आणि सहाच्या मध्ये सेकंदाला दोन झोके. सगळ्यांना आपण अगदी सारखा दाब देतो असं वाटत असतं, आणि काटा आठ, तीन, सात असं काहीही दाखवतो. यात कुणाला हसू देऊ नका. रोज दहा मिनिटं केलं की आठवड्यात हात जागेवर येतो.

शेवट कसा लागतो

हालचालीच्या शेवटाला हाताला जे जाणवतं ते एंड-फील. ब्रिटनचे जेम्स सिरियॅक्स यांनी या जाणिवेला तपासणीत मानाची जागा दिली. शिकवायला कोपर पुरेसं आहे. कोपर सरळ केलं की हाडाला हाड भिडल्यासारखा टणक शेवट लागतो, वाकवलं की मांसाला मांस टेकून मऊ. मग खांदा बाहेरच्या बाजूला फिरवा. तिथे चामड्याचा पट्टा ताणल्यासारखा, घट्ट पण किंचित देणारा शेवट मिळतो. ही निरोगी उदाहरणं हातात बसली की बिघडलेली ओळखू येतात: गुडघ्यात मधेच उसळून परत ढकलणारा शेवट, स्नायूने अचानक घातलेला आवळा, आणि सर्वांत महत्त्वाचा रिकामा शेवट. यात हाताला काहीच अडत नाही, पण पेशंट दुखण्याने तुम्हाला थांबवतो. हाताला काही न लागता पेशंट विव्हळला, तर तिथे मोबिलायझेशन करायचं नाही. आधी डॉक्टरांकडे पाठवायचं.

इथेच सिरियॅक्स यांची आणखी एक शिकवण जोडा. दुखणं आधी आलं की अडथळा आधी आला? दुखणं अडथळ्याच्या अगोदर येत असेल, तर सांधा अजून तापलेला आहे. दोन्ही बरोबर येत असतील, तर तो निवळतो आहे. अडथळा लागून वर जोर दिल्यावर दुखत असेल, तर तो जुना आणि जकडलेला आहे. माझ्या त्या पहिल्या बाईंच्या खांद्याला हा एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं.

हात लावण्याआधीचं बोलणं

शिकणाऱ्यांना बोलणं वेळखाऊ वाटतं. त्यांच्याकडून तीन प्रश्न पाठच करून घ्या: किती केल्यावर दुखतं, दुखतं तेव्हा किती, आणि शांत व्हायला किती वेळ लागतो. जिना चढताना गुडघा दुखला आणि वर पोचल्यावर मिनिटभरात थांबला, तर तो गुडघा तपासणी सोसेल. एकदा केस विंचरल्यावर चार तास ठणकणारा खांदा सोसणार नाही. त्याची तपासणीसुद्धा त्या दिवशी अर्धीच करावी. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही इरिटेबल म्हणतो, आणि पहिल्या भेटीत किती तपासायचं, कुठली ग्रेड द्यायची, हे या एका शब्दावरून ठरतं.

ज्या पेशंटना हात लावायचा नाही, ती यादी मी भिंतीवर लावते आणि रोज सकाळी कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावते. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पूर्वी कॅन्सर झालेला आणि आता रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी. अनेक महिने स्टिरॉइड घेतलेलं ठिसूळ हाड. रुमॅटॉइड संधिवात असलेल्याची मान, कारण वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारं लिगामेंट तिथे सैल झालेलं असू शकतं. मानेच्या दुखण्यासोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलायला किंवा गिळायला त्रास, अचानक कोसळणं, चेहऱ्याला बधिरपणा. मानेचा भाग शिकवताना मी रक्तदाब मोजण्यापासून आणि क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा) तपासण्यापासून सुरुवात करते. मॅन्युअल थेरपीच्या जागतिक महासंघाने, इफॉम्प्टने, २०२० मध्ये सुधारलेल्या आराखड्यातही या दोन्हींवर भर आहे. मान फिरवून धरून "चक्कर येते का" एवढंच विचारणाऱ्या जुन्या चाचणीवर विसंबून कुणालाही सुरक्षित ठरवू नका. झटका देऊन मान मोडण्याचं तंत्र मी या वर्गात शिकवत नाही. त्यासाठी वेगळं, लांबचं प्रशिक्षण हवं, आणि तेही आर-वन पक्का झाल्यावर.

एक तंत्र, पूर्ण: घोटा

तंत्रांची संख्या वाढवण्यापेक्षा एकच तंत्र पूर्ण शिकवा. मी घोटा निवडते. मुरगळून, प्लास्टर होऊन किंवा कसंही, घोटा वर वाकत नाही अशी तक्रार रोजची असते आणि फरक मोजता येतो.

आधी मोजा. मोजपट्टी जमिनीवर, भिंतीला काटकोनात लावा. पेशंट भिंतीसमोर उभा. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा दूर, टाच जमिनीला टेकलेली. गुडघा भिंतीला लावायचा, टाच न उचलता. जमलं की पाऊल आणखी मागे. टाच सुटण्याआधीचं शेवटचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहा. एक सेंटीमीटर म्हणजे घोट्याचे साधारण साडेतीन अंश. दोन्ही पायांचं लिहा, आणि ओढ कुठे जाणवते तेही विचारा. घोट्याच्या पुढे चिमटल्यासारखं वाटत असेल तर सांध्याचा संशय, पोटरीत ताण असेल तर स्नायूचा. विद्यार्थी आकडा लिहितात आणि हे विचारायला विसरतात. मी तेवढ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून करायला लावते.

मग पेशंटला उताणं झोपवा. टाच पलंगाच्या कडेबाहेर, पाऊल १० अंश खाली. एका हाताने घोट्याच्या लगेच वर नडगी पलंगावर पक्की धरा. हा धरणारा हात हलला तर पुढचं सगळं फुकट. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मऊ पडदा पावलाच्या पुढच्या बाजूने, दोन्ही घोट्यांच्या हाडांच्या लगेच खाली, टॅलस या हाडावर बसवा. आता कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन हळूच पुढे सोडा. टॅलस जमिनीच्या दिशेला सरकतो. आर-वन कुठे लागला? थांबा, सांगा. मगच ग्रेड ठरवा.

चुका ठरलेल्या असतात. हात पुढे घसरतो आणि टॅलसऐवजी पावलाचा मधला भाग दबतो. पेशंटला पावलाच्या वरच्या बाजूला टोचतं, घोट्याचं काही होत नाही. एका मुलीचा हात फार चांगला होता, पण तिच्या पेशंटचा आकडा कधीच बदलत नसे. तिसऱ्या दिवशी मी तिच्या हातावर हात ठेवला आणि कळलं की ती एक बोट पुढे आहे. टॅलसचं डोकं आणि त्याच्या पुढचं हाड तिने एकच मानलं होतं. पाऊल आत-बाहेर हलवत तिने दोन्ही पुन्हा चाचपून शोधली, हात मागे आणला, आणि त्याच पेशंटचा आकडा दीड सेंटीमीटरने वाढला. तिने आकडा तीनदा मोजला.

जकडलेल्या, न तापलेल्या घोट्याला ग्रेड तीन किंवा चार, सेकंदाला दोन झोके, अर्धा ते एक मिनिट. मग लगेच उभं करून भिंतीचा आकडा पुन्हा मोजा. वाढला तर आणखी एक-दोन फेऱ्या. वाढला नाही तर दिशा, ग्रेड किंवा सांधा बदला. तोच जोर वाढवत बसू नका. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांनी सुचवल्याप्रमाणे टॅलस मागे धरून पेशंटला उभ्यानेच गुडघा पुढे न्यायला लावता येतो. त्यात नियम एक: दुखता कामा नये. दुखलं तर दिशा किंचित बदला आणि पुन्हा बघा.

ही मोजा-द्या-मोजा पद्धत मी घोट्यावरच पक्की करून घेते, कारण खांद्याकडे गेल्यावर पुस्तकातला नियम आणि पेशंट यांचं पटेनासं होतं. गोल टोकाचं हाड हलतं तेव्हा ते हालचालीच्या उलट दिशेला सरकतं, असा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्या हिशेबाने खांदा बाहेर फिरत नसेल तर दंडाच्या हाडाचं गोल डोकं पुढे सरकवायला हवं. पण २००७ मध्ये गोठलेल्या खांद्यांवर झालेल्या एका तुलनेत मागे सरकवणाऱ्या गटाची बाहेर फिरण्याची हालचाल कितीतरी जास्त सुधारली. म्हणून मी नियम शिकवते, आणि सोबत सांगते की तो फक्त पहिला अंदाज आहे. उत्तर पुन्हा मोजल्यावर मिळतं.

पेशंटशी बोलण्याचंही इथेच शिकवा. "तुमचं हाड सरकलंय, मी बसवलं" असं कधीही म्हणू देऊ नका. ते खरं नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं ते सरकणारं हाड मनात धरून चालतो. एखादा मणका जकडलाय का यावर दोन अनुभवी हातांचंही बरेचदा एकमत होत नाही. दाबल्यावर ओळखीचं दुखणं उठतं का, यावर जास्त होतं. हाताने मिळालेला फरक बराचसा मज्जासंस्थेमार्फत, दुखणं तात्पुरतं शांत झाल्याने येतो. त्या मिळालेल्या वेळात पेशंटकडून तीच हालचाल ताकदीने करून घेतली नाही, तर पुढच्या भेटीला आकडा पुन्हा मूळ जागी. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येक तंत्राच्या शेवटी एक व्यायाम लिहावाच लागतो.

शिकणाऱ्यांच्या शरीराची काळजी

हे कुठल्याच अभ्यासक्रमात पुरेसं नसतं. पलंग उभं राहिल्यावर मांडीच्या मध्यापर्यंत यावा, म्हणजे वजन वरून सोडता येतं. अंगठ्याच्या टोकाने दाबणाऱ्याला थांबवा. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याने आयुष्यभर हा जोर सोसणं शक्य नाही, मी अशा सहकाऱ्यांना चाळिशीत क्लिनिक सोडताना पाहिलं आहे. करंगळीच्या बाजूची तळहाताची गादी वापरा, किंवा एका अंगठ्यावर दुसरा ठेवून दोन्ही सरळ.

सरावासाठी एकमेकांच्या अंगावर काम करताना ज्यांचे सांधे मुळात फार सैल आहेत, त्यांना आधी ओळखा. बाइटन चाचणी नऊ गुणांची असते, दोन मिनिटांत होते. अशा मुलीच्या मानेवर किंवा कमरेवर दिवसभरात दहा जणांनी सराव केला तर संध्याकाळी ती खरोखरची पेशंट होते. एका सांध्यावर दिवसात तीनच हात, असा माझा नियम आहे. आणि प्रत्येक वेळी, दहाव्यांदा असलं तरी, "हात लावू का?" विचारूनच.

परीक्षा कशी घ्यावी

लेखी मी घेत नाही. शेवटच्या दिवशी मीच पलंगावर पेशंट म्हणून झोपते. माझा डावा घोटा लहानपणी मोडलेला आहे आणि उजव्यापेक्षा कमी वाकतो, त्यामुळे त्यांना शोधायला खरं काहीतरी मिळतं. आधी प्रश्न विचारायचे, मग भिंतीचा आकडा, मग डोळे मिटून आर-वन शोधायचा आणि कागदावर रेघ काढून दाखवायची: अडथळा कुठे सुरू झाला, दुखणं कुठे, शेवट कुठे. मधेच मी न सांगता पोटरी किंचित आवळते. जो तिथे हात थांबवून "दुखलं का?" विचारतो, तो पास. जो थांबत नाही, त्याला मी पुन्हा बोटावर पाठवते. तर्जनी सरळ, डोळे मिटलेले, "आली" म्हणेपर्यंत.